एका ओळीची पेटी

मी पेटी बोलतेय. बेंगळुरूच्या चामराजपेठेत, सुधींद्रमास्तरांच्या बाहेरच्या खोलीत, खिडकीखाली माझा मुक्काम असतो. अंगावर त्यांच्या पत्नी नीलाबाईंच्या जुन्या साडीचं अस्तर लावून शिवलेली खोळ आहे. पेटी म्हटलं की लोकांना नाट्यपदं आठवतात, भजनं आठवतात, ठेवणीतल्या मैफली आठवतात. माझ्याकडून तसली काही अपेक्षा ठेवू नका. गेली वीस वर्षं मी एकच ओळ वाजवतेय. सोळा मात्रांची ओळ. ती संपली की पुन्हा तीच, आणि ती संपली की परत तीच.

जन्म माझा हुबळीचा. अंग दांडेलीच्या सागवानाचं, आत बसवलेले सूर, म्हणजे वाजणाऱ्या पितळी जिभल्या, गुजरातेतल्या पालिताण्याहून आणलेले. मल्लाप्पा मिस्त्रींनी मला दीड महिना खपून घडवलं, आणि गिऱ्हाइकाच्या हवाली करताना म्हणाले, "हिचा गळा गोड आहे, हिला गाणारी माणसं मिळोत." मिळाली ना. चिकपेटेतल्या एका भजनी मंडळात मी बारा वर्षं अगदी मानानं काढली. दर गुरुवारी मला हळदीकुंकू, वर बुक्का. पुढे मंडळातली मंडळी लांबलांबच्या नव्या लेआउटमध्ये, म्हणजे वसाहतींत, राहायला गेली, गुरुवार सुने पडले आणि १९७९ साली मी मास्तरांच्या घरी आले. आल्याबरोबर कळलं, हे घर तबल्याचं. इथे गाणारं कुणी नव्हतं.

तबलेवाल्यांना पेटी लागते ती लेहऱ्यापुरती. तबल्यावर मुलगा कायदे, तुकडे अशा बोलांच्या रचना वाजवत असतो, तेव्हा आपण तालात नेमके कुठे आहोत हे त्याला कळावं म्हणून शेजारी सुरांची एक ओळ फिरत राहते. तिला लेहरा म्हणतात. तिनं नटायचं नाही, मुरडायचं नाही, पुढे जायचं नाही, मागे राहायचं नाही. टाळ्या पडतात त्या तबल्याला. पहिली दोन वर्षं मी मनातून धुसफुसत होते. मग सवय झाली आणि त्या ओळीतही मजा येऊ लागली.

सुधींद्रमास्तर तबल्याचे मास्तर होते ते संध्याकाळचे. दिवसा ते घड्याळांच्या कारखान्यात शेवटच्या तपासणीच्या टेबलावर बसत. तयार झालेलं घड्याळ पुढे पळतं की मागे पडतं हे बघायचं, आणि पळणाऱ्याला परत पाठवायचं, हे त्यांचं काम. त्याचा त्यांना भारी अभिमान. शिकवताना मुलांना सांगायचे, "माझ्या हातून पास झालेलं घड्याळ कुणाची बस चुकवत नाही." माणूस लाख मोलाचा. मुलांवर कधी हात उगारला नाही, आजाऱ्याच्या घरी जाऊन शिकवून येत. पण परीक्षा जवळ आली की या माणसाचं पार पाणी पाणी व्हायचं.

ही परीक्षा म्हणजे संगीताच्या परीक्षा घेणाऱ्या मंडळाची, वर्षातून दोनदा; १९८५ पासून मास्तर तिला मुलं बसवू लागले. अर्ज भरायचे मुलांनी आणि धास्ती घ्यायची मास्तरांनी. एकेका मुलाचा फोटो ते तीनतीनदा चिकटवून बघत. आलेली प्रवेशपत्रं देवघरात राघवेंद्रस्वामींच्या तसबिरीमागे जात, आणि ती तिथेच आहेत ना हे बघायला मास्तर दिवसातून दोनदा देवघरात जात. नीलाबाईंना वाटे, नवरा देवभोळा झाला. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात जेवण निम्म्यावर यायचं, आणि परीक्षेच्या सकाळी तर नुसतं जिऱ्याचं पाणी. मग ते धोतर नेसावं की पँट घालावी यावर अर्धा तास.

ते एकटेच असे होते असं नाही हं. परीक्षा मल्लेश्वरमच्या एका शाळेत व्हायची. बाहेरच्या बाकावर व्हायोलिनच्या बाई, सितारीचे मास्तर, बासरीवाले, सगळे ओळीनं बसलेले असत. बाळंतिणीच्या खोलीबाहेर घरचे बसतात ना, तसेच. आत मुलं मजेत असत, कुणी तर जांभया देत असत. बाहेर गुरुजन घाम पुसत.

मास्तरांना मात्र त्या बाकावर बसायचीही सोय नव्हती. लेहऱ्याला साथीदार परीक्षार्थीनंच आणायचा असा नियम, आणि मास्तरांच्या सगळ्या मुलांचे साथीदार मास्तरच. म्हणजे ते आणि मी, दोघंही परीक्षकासमोर.

आता एक गोष्ट सांगते. अकरा वर्षं ती फक्त मला ठाऊक होती.

मास्तरांचा डावा हात माझ्या भात्यावर असतो, उजवा पट्ट्यांवर. घरी शिकवणी चालू असली की तो डावा हात कसा शांत असायचा, झोपाळ्याला झोका देत असल्यासारखा. परीक्षकानं कागदावर पेन टेकवलं की तोच हात गडबडायला लागे. भाता घाईनं हले, त्याच्यामागे उजवा हात, त्याच्यामागे माझी ओळ, आणि तिच्यामागे बिचारं ते पोर. चालता चालता ओळ लगबगीनं निघायची आणि पाचव्या मिनिटाला पळत सुटायची. मुलाला वाटे, आपण मागे पडतोय. तो जीव खाऊन गाठू बघे, बोल एकमेकांवर आदळत, आणि कायदा मोडून पडे. परीक्षक लिहीत, लय धावते. घरी येऊन मास्तरही तेच म्हणत. अगदी मनापासून म्हणत, कारण आपला हात पळतो हे त्यांच्या गावीही नव्हतं. मी ओरडून सांगितलं असतं, पण माझा श्वासच त्यांच्या हातात.

१९९५ च्या नोव्हेंबरात सौम्याची पाळी आली. गवीपुरातल्या मल्हाररावांची ही लेक, पंधरा वर्षांची. मल्हारराव बस डेपोत मेकॅनिक. घरात मराठी आणि कन्नड अशी मिसळलेली की कुठलं वाक्य कुठे संपतं ते त्यांनाही सांगता येऊ नये. मुलीला तबल्याला घातलं म्हणून नातलगांनी नाकं मुरडली, तर मल्हारराव म्हणाले, तिचा हात आहे, तिला आवड आहे, तुमचं काय जातं? आणि हात खरंच होता. माझ्या ऐकण्यात इतका स्वच्छ 'धिरधिर' बोल दुसऱ्या कुणाचा आला नाही. त्या महिन्यात मास्तरांची दुपारपाळी लागली होती, म्हणून तिच्या रियाजाला लेहरा धरायला नीलाबाई बसत. नीलाबाईंना भजनापुरती पेटी येत होती, तेवढी लेहऱ्याला पुष्कळ झाली. भाजीला फोडणी घालून यायच्या, पदराला हात पुसायच्या आणि ओळ सुरू करायच्या. सौम्या अर्धा अर्धा तास वाजवे, केसाइतकाही फरक पडत नसे.

परीक्षेत जे व्हायचं तेच झालं. मास्तरांचा हात पळाला, माझी ओळ पळाली, सौम्यानं दोनदा गाठायचा प्रयत्न केला आणि तिसऱ्या वेळी तिहाई, म्हणजे तीनदा घ्यायचा शेवटचा तुकडा, समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, न येता भलतीकडेच पडली. परीक्षक चांगले होते, धारवाडकडचे. म्हणाले, "मुली, हात गोड आहे तुझा, पण लय फार धावते." ती चार गुणांनी नापास झाली.

त्याचं तिला इतकं लागलं नाही. लागलं ते बसस्टॉपवर. मी मास्तरांच्या मांडीवर होते, म्हणून मी ऐकलं. ते अगदी हताश होऊन म्हणाले, "किती वेळा सांगितलं होतं, धावू नकोस म्हणून."  त्यानंतर सौम्या शिकवणीला आलीच नाही. डिसेंबरात मल्हारराव स्वतः येऊन सांगून गेले, "मास्तर, ती म्हणते माझ्या हातात लयच नाही. तबला कपाटावर चढवलाय. मी काय करू, सांगा." एप्रिलच्या परीक्षेचे अर्ज जानेवारीअखेर भरायचे होते. मास्तरांनी तिचा अर्ज आणून ठेवला, फोटोही चिकटवला, पण सही करायला सौम्याच नव्हती.

जानेवारीत बेंगळुरूत अवरेकाईचे दिवस असतात. आपल्या पावट्याची ही सख्खी बहीण. शेंगांचा वास साऱ्या बाजारात पसरतो आणि घराघरांत बायका टोपलं घेऊन सोलायला बसतात. नीलाबाई तशाच बसल्या होत्या, बाहेरच्या खोलीत, माझ्यापासून हातभर अंतरावर. त्या दिवशी मास्तरांनी दरवर्षीप्रमाणे लुटुपुटूची परीक्षा मांडली होती. शेजारचे उमाकांत, निवृत्त गणितशिक्षक, खुर्चीत परीक्षक म्हणून पेन घेऊन बसले. समोर दहा वर्षांचा तनय तबल्यावर. मास्तर माझ्याशी. उमाकांतांनी पेनाचं टोपण काढलं, आणि मला भात्यावर ती ओळखीची गडबड जाणवली.

तनय चौथ्या मिनिटाला कोसळला. मास्तर म्हणाले, "तनय, लय धावते रे." तनयनं मान खाली घातली.

नीलाबाईंचा सोलणारा हात थांबला होता. गेले दोन महिने त्यांच्या मनात एकच कोडं असणार. 'माझ्या लेहऱ्यावर सौम्या नीट वाजवायची, मग परीक्षेत काय झालं?' त्यांनी तनयला आत जाऊन चिक्की घ्यायला सांगितलं. मग नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, स्वल्प थांबा. आता तबला नको. नुसता लेहरा वाजवा, पाच मिनिटं. उमाकांत, तुम्ही आहात तसेच बसा, काहीतरी लिहीत राहा. आणि तुमचं ते मनगटावरचं घड्याळ इकडे द्या."

मास्तरांना काही कळलं नाही, पण बायकोचं ऐकायची सवय होती. ते वाजवू लागले. नीलाबाईंनी घड्याळ मांडीवर ठेवलं. माझी ओळ एकदा फिरली की सोललेला एक दाणा शेजारच्या ताटात. मिनिट संपलं की दुसरी रांग. पाच मिनिटांनी त्यांनी ताट मास्तरांच्या पुढ्यात सरकवलं. पहिल्या रांगेत पाच दाणे, दुसरीत पाच, तिसरीत सहा, चौथीत सहा, पाचवीत सात.

मास्तर म्हणाले, मोजण्यात चूक झाली असेल. नीलाबाई म्हणाल्या, सरी, बरं तर, पुन्हा मोजू. या वेळी उमाकांतांना त्यांनी कॉफी घ्यायला स्वयंपाकघरात पाठवलं. खोलीत फक्त नवरा, बायको आणि मी. पाच, पाच, पाच, पाच, पाच. उमाकांतांना पेनासकट परत बोलावलं. पाच, पाच, सहा, सात, सात. उमाकांत गणिताचे, त्यांनी ताटाकडे पाहिलं आणि पेनाला टोपण लावून टाकलं.

मास्तर अजूनही म्हणत होते की थंडीनं बोटं आखडली असतील. तेव्हा नीलाबाई अगदी हळू बोलल्या, "कारखान्यात घड्याळ पुढे पळालं तर तुम्ही दोष कुणाला देता, घड्याळाला की वेळेला?"

मास्तर ताटाकडे बघत राहिले. जन्मभर ते हेच करत आले होते, ठरलेल्या वेळात किती पळालं ते मोजायचं आणि निकाल द्यायचा. ही त्यांचीच रीत होती, तिच्याशी भांडता येईना. मग ते एकेक नाव घेऊ लागले. शुभंकर, ज्यानं परीक्षेनंतर तबला विकला. सिद्धी, जी म्हणाली आता मी फक्त गाणं ऐकेन. विराट, ज्याची सलग दोन वर्षं गेली. "नीला, मी या सगळ्यांना सांगितलं, तुझी लय धावते." एवढंच म्हणून ते आत गेले. मला फार वाईट वाटलं. सोळा वर्षं त्या हातांनी मला धरलं होतं, आणि त्या संध्याकाळी त्यांनी मला खोळ घातली ती चार दिवस काढली नाही.

पाचव्या दिवशी, रविवारी, खोळ निघाली. मास्तरांनी मला रिक्षात घातलं, शेजारी नीलाबाईंना बसवलं आणि आम्ही गवीपुरात मल्हाररावांच्या दारात उतरलो. खिशात सौम्याचा अर्ज होता. मल्हाररावांनी कॉफी मागवली. सौम्या दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली, आत यायला तयार नव्हती. मास्तरांनी कपाला हात लावला नाही.

"सौम्या, हात तुझा धावत नव्हता. माझा धावत होता. तू मला गाठायला बघत होतीस."

तिला आधी ते समजुतीचं बोलणं वाटलं. मोठी माणसं असं बोलतात हे तिला ठाऊक होतं. मग मास्तरांनी ताटाची सगळी हकीकत सांगितली, कुठल्या रांगेत किती दाणे इथपर्यंत. सौम्यानं वडिलांकडे पाहिलं, मग मास्तरांकडे. म्हणाली, "मास्तर, बसस्टॉपवर तुम्ही जे बोललात ते मी रोज आठवत होते." मास्तर म्हणाले, "मीही गेले चार दिवस तेच आठवतोय." मल्हारराव रुमालानं तोंड पुसत उठले आणि स्टूल घेऊन कपाटाशी गेले.

तबला खाली आला तेव्हा दोन महिन्यांत पार उतरला होता. सौम्यानं हातोडी मागितली. नीलाबाई माझ्याशी बसल्या आणि मी तिला सूर दिला. तबला लागला. मग अर्धा तास आम्ही तिघी अशा चाललो की मल्हाररावांची कॉफी गार झाली आणि त्यांनी ती तशीच प्यायली. निघताना सौम्यानं अर्जावर सही केली.

एप्रिलमध्ये मास्तरांनी जाहीर करून टाकलं, यंदा लेहऱ्याला नीला बसेल. म्हणजे आता त्यांना बाकावर बसायची सोय झाली. पण त्यांना बसवेना. बाकावरच्या व्हायोलिनच्या बाई म्हणाल्या, या की, सवय होते. हे मात्र परीक्षेच्या खोलीच्या खिडकीबाहेर जाऊन उभे राहिले. परीक्षक तेच, धारवाडकडचे. त्यांनी सौम्याला ओळखलं. पेन टेकवलं. नीलाबाईंनी पदराला हात पुसले आणि ओळ सुरू केली, फोडणी घालून आल्यासारखी.

सौम्यानं कायदा धरला. पहिलं मिनिट गेलं, दुसरं गेलं. तिसऱ्या मिनिटाला खिडकीच्या गजावर टकटक ऐकू येऊ लागली. मास्तर होते. बोटानं ताल धरला होता, त्यांच्या नकळत. आणि ती टकटक आमच्या पुढे निघाली होती. आधी थोडी, मग चांगलीच. मी घाबरले. वाटलं, पोरगी आता तिच्यामागे जाणार.

सौम्यानं मान वर केली. खिडकीकडे पाहिलं. जे तिला फक्त सांगितलं गेलं होतं, ते ती आता स्वतःच्या कानांनी ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर हसू फुटलं, आणि हात माझ्या ओळीला धरून राहिला. टकटक पळत गेली, आम्ही आमच्या चालीनं चाललो. तिहाई घेतली आणि तिसरा 'धा' माझ्या समेवर असा बसला की माझ्या आतले पालिताण्याचे सूर थरारले.

परीक्षकांनी पेन ठेवलं. म्हणाले, "बाहेर कोण आहे ते? त्यांना सांगा, लय फार धावते."

नीलाबाई पदर तोंडाला लावून हसल्या. सौम्या पहिल्या वर्गात पास झाली. मास्तरांनी ते वाक्य बाकावरच्या सगळ्या गुरुजनांना स्वतःच सांगितलं, आणि त्या दिवशी जिऱ्याच्या पाण्यावर न भागवता दोन मसाला डोसे खाल्ले. शुभंकर, सिद्धी आणि विराट यांना त्यांनी पत्रं लिहिली. विराट परत आला. बाकीचे दोघे आले नाहीत, आणि त्याची रुखरुख मास्तरांना अजून आहे.

आता १९९९ साल चालू आहे. खोलीत लेहरा वाजवणारा एक विजेचा डबा आलाय. तो कधी पळत नाही, घाबरत नाही, त्याच्यापुढे परीक्षक बसला काय आणि मांजर बसलं काय, त्याला सारखंच. माझा भाता दोन ठिकाणी चिकटवलाय, मधला गंधार पावसाळ्यात अडकतो. तरी परीक्षेच्या दिवशी मलाच नेतात, हे मी थोड्या तोऱ्यात सांगते.

गेल्या महिन्यात मला न्यायला सौम्या आली, मास्तर आणि नीलाबाईही बरोबर निघाले. ती आता मारतहळ्ळीला तीन मुलांना शिकवते. त्यातली स्वानंदी, पुण्याहून आलेल्या कुटुंबातली नऊ वर्षांची मुलगी, पहिल्यांदाच परीक्षेला बसत होती. तिच्या आईनं परीक्षेच्या खोलीच्या दारात विचारलं, "मॅम, परफॉर्मन्स ओके होईल ना?" सौम्या म्हणाली, "आरामात." आणि सकाळपासून काही खाल्लेलं नसताना माझ्याशी येऊन बसली. लेहरा तीच धरणार होती.

परीक्षकानं पेन टेकवलं. सौम्याचा डावा हात माझ्या भात्यावर आला आणि मी चपापले. तीच गडबड. अगदी तीच, मास्तरांची. ओळीचं पहिलं आवर्तन गेलं, दुसरं सुरू झालं. सातव्या मात्रेवर तिनं हात थांबवला. परीक्षकांची माफी मागितली, उठली आणि दारात जाऊन हाक मारली, "नीलाक्का, तुम्ही बसा." मास्तरांना जे कळायला अकरा वर्षं लागली, ते तिला दीड आवर्तनात कळलं. माझ्या लेखी मास्तरांची सगळ्यात मोठी शिकवणी ती.

पुढची वीस मिनिटं ती बाहेरच्या बाकावर मास्तरांशेजारी बसली होती. मास्तर आता परीक्षेला येताना खिशात वाळवलेले अवरेचे दाणे आणतात. आतून लेहरा ऐकू येतो, ओळ एकदा फिरली की एक दाणा या खिशातून त्या खिशात. त्यांनी मूठभर दाणे तिच्या हातावर ठेवले.

गुरुजनहो, माझं म्हातारीचं एवढंच मागणं आहे. मुलाला परीक्षेला न्याल तेव्हा त्याच्या हाताकडे बघण्याआधी एकदा आपला हात बघा. नसेल जमत, तर बाहेर बसा आणि दाणे मोजा. आत मी आहे, नीलाबाई आहेत. ओळ आम्ही सांभाळतो.